गोलात कोण उभं राहणार

माझं लग्न फुटबॉलनं जमवलं. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीचा संघ होता. माझा धाकटा भाऊ त्यात पुढं खेळायचा आणि त्याचा एक मित्र गोलात उभा राहायचा. भाऊ त्या मित्राला एकदा घरी जेवायला घेऊन आला. मग पुन्हा आणला, मग दर आठवड्याला आणायला लागला, आणि एक दिवस वडिलांना म्हणाला, "आण्णा, अक्कासाठी गावोगाव स्थळं बघत हिंडताय. रोज घरात जेवून जातंय ते दिसत न्हाई व्हय?" वडील तालमीत वाढलेले. त्यांनी मुलाची पत्रिका मागितली नाही, त्याचे हात बघितले. बोटं जाड, सांधे दोनदा-तीनदा मोडून बसलेले, आणि पंजा एवढा मोठा की पाण्याचा तांब्या त्यात दिसेनासा व्हायचा. "पोरगं धरंल ते सोडायचं न्हाई," आण्णा म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं.

त्या हातांनीच पुढं नोकरी मिळवली. पिंपरीत मुंबई रस्त्याला लागून साबणाचा एक कारखाना निघाला होता. तिथल्या साहेबांना फुटबॉलचं वेड. कारखान्याचा संघ उभा करायचा म्हणून ते गावोगावचे खेळाडू कामावर घेत होते. ह्यांना मोठ्या कढयांच्या खात्यात काम मिळालं, पण साहेबांनी घेतलं ते गोलकीपर म्हणून, हे सगळ्यांना माहीत होतं. कारखान्याच्या चाळीत एक खोली आणि पुढं ओटा असं आमचं घर झालं. समोर रेल्वेचा रूळ, पलीकडे सिंधी कुटुंबांचा कॅम्प, आणि मागच्या बाजूला नदीपर्यंत बाजरी.

वर्षभरानं भाऊही आला. त्याला देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटरचं काम मिळालं. तिथंही संघ होता, आमच्यापेक्षा जुना आणि जास्त नावाजलेला. अशा रीतीनं एका तालमीत वाढलेले दोघं दोन क्लबांत गेले. ज्यानं आयुष्यभर ह्यांच्या गोलाचं रक्षण व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवले, तोच आता ह्यांच्या गोलावर बॉल मारू लागला. सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. सामना संपला की भाऊ चिखलाच्या पायांनी आमच्याकडेच यायचा, जेवायचा, आणि "दाजी, तो कॉर्नर तुम्ही कसा काय काढला?" म्हणून वाद घालत बसायचा.

पण दोन क्लबांमधली चुरस वाढत गेली. देहूरोडचे लोक पिंपरीवाल्यांना साबणाचे बुडबुडे म्हणायचे, आमचे लोक त्यांना गंजलेल्या बंदुका म्हणायचे. एका सामन्यानंतर स्टेशनवर दगडफेक झाली. आणि त्या पावसाळ्यात, खडकीच्या मैदानावरच्या स्पर्धेत, दोन्ही संघ एकेक फेरी जिंकत शेवटपर्यंत पोचले. फायनल पिंपरी आणि देहूरोडची.

त्या आठवड्यात पिंपरीत दुसरा विषय नव्हता. कॅम्पातल्या हॉटेलवाल्यानं दाराशी पाटी टांगली. तिच्यावर खडूनं एका बाजूला आमचे अकरा, दुसऱ्या बाजूला त्यांचे अकरा. चहा पिता पिता लोक एकेका नावावर बोट ठेवून भांडायचे. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी करून वस्तरा हवेत धरून चर्चा चालायची. सगळ्यांचं बोलणं शेवटी एकाच जागी येऊन थांबायचं. देहूरोडची पुढची फळी वाऱ्यासारखी आहे, तिच्यापुढं आमचे हाफबॅक टिकणार नाहीत, हे सगळ्यांना मान्य होतं. पण गोलात हे आहेत ना! सेमीफायनलपर्यंत ह्यांच्यावर एकच गोल झाला होता. "पुढं तुमचा भाऊ, गोलात तुमचे मालक. वहिनी, तुम्ही कुणाकडनं?" असं मला वाण्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकजण विचारायचा. पिंपळे सौदागरहून दूध घालायला येणारी म्हातारी, जिनं बॉल कधी पाहिला नव्हता, तीही म्हणाली, "तुजं मालक उडत्या चेंडूला धरत्यात म्हनं. मंग भावाचा धरत्यात का सोडत्यात?"

"जो जिंकेल त्याला जेवायला घालीन," असं मी हसून सांगायची आणि घरात येऊन दार लावून घ्यायची. कारण मला जे ठाऊक होतं ते पिंपरीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

उन्हाळ्यात ते झालं. साबणाला कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं. ते ओतताना एक शिंतोडा डोळ्यात उडाला. ह्यांनी नळाखाली डोळा धुतला आणि कुणाला काही न सांगता पाळी पूर्ण केली. घरी आले तेव्हा डोळा लालभडक होता. "धूर लागला," म्हणाले. लाली गेली, पण हळूहळू बुबुळावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरायला लागलं. नीट जवळ जाऊन बघितलं तरच दिसेल इतकंच. मी बघितलं ते एका सकाळी ह्यांच्या डाव्या हाताला चहाचा कप ठेवला आणि ते "चहा कुठाय?" म्हणाले तेव्हा.

मी रडले, भांडले, डॉक्टरकडे चला म्हणाले. ह्यांचं एकच. "डॉक्टर चिठ्ठी लिहील. चिठ्ठी कारखान्यात जाईल. आंधळा गोलकीपर कोण ठेवतो? उजवा चांगला आहे ना, भागतंय." आणि खरंच भागत होतं. मैदानात हे सारखी मान फिरवत राहायचे, फुलबॅकला हाका मारून डावीकडे ठेवून घ्यायचे, आणि बाकी सगळं इतक्या वर्षांच्या सवयीवर. लोक म्हणायचे, यंदा किती जागरूक खेळतोय बघा.

फायनलच्या आदल्या रविवारी भाऊ जेवायला आला. त्याच्या क्लबातल्यांना ते आवडलं नसतं, पण तो कुणाला विचारणारा नव्हता. त्याची एक लहानपणापासूनची खोड होती. ह्यांना भेटला की हातात असेल ते फेकायचा. लिंबू, टोपी, गुंडाळलेला टॉवेल. हे न बघता झेलायचे. त्या दिवशी त्यानं रस्त्यावरून पेरू आणले होते. हे ओट्याच्या कोपऱ्यात बसून बुटांना चरबी चोळत होते, डावी बाजू पायरीकडे. भाऊ पायरीवरूनच ओरडला, "दाजी!" आणि एक पेरू फेकला.

पेरू ह्यांच्या कानशिलावर बसला. तिथून उडून जमिनीवर पडला आणि फुटला.

"लक्ष नव्हतं रे," म्हणून हे हसले. भाऊही हसला. मग त्याचं हसू थांबलं. मी ते दारातून पाहिलं.

जेवताना एकदा भाऊनं ह्यांच्या ताटाच्या डाव्या बाजूची लोणच्याची फोड अलगद उचलली आणि आपल्या ताटात ठेवली. थोड्या वेळानं ह्यांचा हात तिथं गेला, रिकाम्या जागी चाचपडला आणि परत आला. भाऊनं मान खाली घातली.

मी भांडी घेऊन नळावर गेले तसा तो मागोमाग आला.

"अक्का, कधीपास्नं?"

"काय कधीपासून?"

"मला फसवू नगंस."

मी राख लावलेला तवा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तो नळाच्या कट्ट्यावर बसून ऐकत होता.

"काहीच दिसत न्हाई?"

"उजेड-अंधार कळतो म्हणतात."

"आणि सेमीफायनलला डावीकडनं आलेला त्यो बॉल?"

"तो खांबानं अडवला. ह्यांनी नाही."

त्यानं ठिबकणारा नळ घट्ट पिळला. मी म्हणाले, "तू कुणाला सांगणार नाहीस."

"कुणाला सांगू? आमच्या पोरांना सांगितलं तर रविवारी सगळी तिकडंच मारतील."

"आणि तू?"

त्यानं टोपी उचलली आणि ह्यांचा निरोप न घेता स्टेशनाकडे चालू लागला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाहेर सगळी पिंपरी विचारत होती, कोण जिंकणार? मी मनात विचारत होते, तो कुठल्या बाजूला मारणार?

आठवड्याच्या मध्यात एका संध्याकाळी तो परत आला. अंगावर कामाचेच कपडे, हाताला ग्रीस तसंच. बाहेर भुरभुर पाऊस होता. हे नुकतेच सरावाहून आले होते. भाऊ आत येऊन बसला नाही, उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"दाजी, रविवारी तुम्ही गोलात उभं राहू नका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"अक्कावर रागावू नका. मी त्या पेरूनंच वळखलं," भाऊ म्हणाला. "तुमच्या हातनं लिंबूसुद्धा सुटल्यालं मी कधी बघितलं न्हाई."

"मग आता तुला सोपं झालं. मार तिकडं."

"तिकडंच मारणार. दुसरीकडं मारायला पायच व्हायचा न्हाई माझा. ठावं असून तुमच्या चांगल्या बाजूला मारला, तर माझ्या संगट खेळणाऱ्या दहा जणांचा विश्वासघात. आणि तुमच्या आंधळ्या बाजूला मारला तर..."

"तर गोल होईल. फुटबॉल आहे. मी रडणार नाही."

"गोल झाला तर सुटलो!" भाऊचा आवाज चढला. "पावसात बॉल विटंवानी जड होतोय दाजी. तुम्हाला दिसायचा न्हाई. तुम्ही नुसत्या अंदाजानं झेप घेणार. तुमची सवय मला ठावं हाय, हात न्हाई पोचलं तर तुम्ही तोंड घालता. आणि त्यो उजव्या डोळ्यावर बसला, तर? माझ्या पायानं? मग मी अक्काच्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?"

हे उठून उभे राहिले. मी ह्यांना इतकं चिडलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "फायनल जिंकायची म्हणून आलास होय? गोलकीपर बसला की काम झालं! जा. आधी बाहेर हो."

भाऊ पांढरा पडला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावसात निघून गेला. हे भिंतीकडे तोंड करून बसले. चुलीवर भात उतू जात होता, तो मी उतरवला. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "त्याला तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणाले.

"पण माझी नोकरी गोलकीपरची आहे गं. कढईवर काम करणारे कितीही मिळतात. मी बसलो आणि कारण कळलं तर हे घर जाईल."

तोपर्यंत मी कधी ह्यांच्या खेळात तोंड घातलं नव्हतं. बायकांनी घालायचं नाही अशीच रीत होती. त्या दिवशी मी म्हणाले, "नोकरी गेली तर कोल्हापूरला जाऊ. दुसरा डोळा गेला तर कुठं जायचं ते सांगा."

 हे रात्री जेवले नाहीत आणि सकाळी पाळीवर जायच्या आधी चाळीच्या टोकाला मिस्त्रींच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मीही पदर डोक्यावर घेऊन मागोमाग गेले. मला भीती होती की हे अर्धंच सांगतील.

मिस्त्री म्हणजे आमचे कप्तान. कारखान्यात बॉयलर सांभाळायचे, खेळात फुलबॅक. वयानं सगळ्यांत मोठे, मूळचे खडकीचे, मुसलमान. कमी बोलायचे आणि त्यांचा शब्द साहेबसुद्धा मोडायचे नाहीत. ते दाढीला साबण लावून आरशापुढं बसले होते. ह्यांनी सांगायला सुरुवात केली तसा त्यांनी टॉवेलनं साबण पुसून टाकला. सगळं ऐकून घेतलं. मग जवळ आले, आपल्या तळव्यानं ह्यांचा उजवा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

"कितनी?"

"दिसत नाहीत," हे म्हणाले.

मिस्त्रींनी हात खाली घेतला आणि ओट्यावर बसले. "सेमीफायनलला तू सारखा मला हाका मारत होतास. मला वाटलं, भरोसा आहे म्हणून मारतोय."

"भरोसा होताच," हे म्हणाले.

"मग मला सांगायचं होतंस, भावा."

 मग मिस्त्रींनी त्यांचा विचार सांगितला. साहेबांना आत्ता, फायनलच्या तोंडावर कळलं तर ते रागाच्या भरात काहीही करतील. मोसम संपू द्यावा. साहेबांचं डोकं शांत असताना ते स्वतः बोलतील आणि दुसऱ्या खात्यात काम मागून घेतील. तोवर डोळ्याचं नाव कुणी काढायचं नाही. संघात बदल केला तर कप्तान म्हणून आपण केला म्हणतील, कारण सांगणार नाहीत.

"पण लोक तुला बोलतील," मिस्त्री म्हणाले. "कारण दिलं नाही की लोक स्वतः तयार करतात. ऐकून घेशील?"

"घेईन."

"सोपं नाही ते."

"उभं राहणं सोपं होतं असं वाटतं का तुम्हाला?" हे म्हणाले. मिस्त्रींनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

शनिवारी हॉटेलच्या पाटीवरचं पहिलं नाव पुसून तिथं दुसरं लिहिलं गेलं. पॅकिंग खात्यातला एक उंच मुलगा होता, सरावाला ह्यांच्या जागी उभा राहायचा, त्याचं. तासाभरात आमच्या दाराशी गर्दी. काय झालं? ताप आहे का? हात दुखावला का? हे प्रत्येकाला एकच सांगत होते, "मिस्त्रींना विचारा." लोक मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री म्हणाले, "माझी मर्जी." साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हाही मिस्त्रींनी तेच सांगितलं, फक्त अदबीनं.

दिवे लागायच्या सुमाराला कारण तयार झालं होतं. आठवड्यात मेहुणा दोनदा घरी येऊन गेला, हे चाळीनं पाहिलंच होतं. मी पाणी भरायला नळावर गेले तेव्हा एक बाई दुसरीला म्हणत होती, "भावाचं भलं व्हावं म्हणून नवऱ्याला बसवलं हो." मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझी घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलली आणि आले.

फायनलला मी गेले. लोकलनं खडकीला उतरलो तेव्हा डबाभर आमच्या ओळखीची माणसं होती आणि आमच्या बाकावर कोणी बसलं नाही. मैदानाच्या एका कडेला झाडाखाली साहेब लोकांच्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, त्यांच्यामागं मी उभी राहिले. पाऊस थांबला होता, पण गोलापुढं नुसता चिखल होता. हे इतर लोकांत न थांबता आमच्या गोलाच्या मागं जाऊन जाळीशी उभे राहिले. दोन्ही हातांनी जाळी धरली होती. मागून कोणीतरी ह्यांच्या पायाशी साबणाची वडी फेकली आणि लोक हसले. ह्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

खेळ सुरू झाला. मला त्यातलं फार कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. पण भाऊ बॉल घेऊन निघाला की मला कळायचं, कारण सगळं मैदान उभं राहायचं. मध्यंतराच्या थोडं आधी तो दोघांना चुकवून आत घुसला. समोर फक्त तो उंच मुलगा. भाऊनं पाय मागं घेतला, आणि जाळीमागून ह्यांचा आवाज आला, "डावीकडं! पड!" मुलगा डावीकडे पडला. बॉल त्याच्या छातीवर बसला आणि उडाला. त्या आवाजावरून कळलं की बॉल किती जड होता. मुलगा पडल्या जागी कळवळत राहिला. मिस्त्रींनी त्याला उठवून बसवलं. भाऊ तिथंच उभा होता. तो त्या मुलाकडे बघत नव्हता, जाळीमागं बघत होता.

आम्ही हरलो. उत्तरार्धात एका कॉर्नरवर गर्दी झाली, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला. भाऊच्या पायानं नाही. पण हरणं ते हरणंच. देहूरोडचे लोक मैदानात घुसले, त्यांनी भाऊला खांद्यावर घेतलं. त्यानं धडपड करून स्वतःला सोडवून घेतलं आणि चिखलानं माखलेला सरळ आमच्या गोलामागं आला. ह्यांच्यापुढं उभा राहिला. ह्यांनी हात पुढं केला, त्यानं दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकलं.

ते सगळ्या पिंपरीनं पाहिलं. आणि पाहून जो अर्थ काढायचा तो काढला.

पुढचे महिने वाईट गेले. आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं "मेहुणा क्लब" असं लिहिलं. मी पुसलं, पुन्हा लिहिलं. कॅम्पातला एक दुकानदार, जो ह्यांच्याकडून सोड्याचे पैसे कधी घ्यायचा नाही, तो घ्यायला लागला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हे एकटे बसायचे. तिथं खरं फक्त मिस्त्रींना माहीत होतं. ते रोज आपला डबा उचलून ह्यांच्यापाशी जाऊन बसायचे, त्यामुळे लोक मिस्त्रींनाही टाळू लागले. देहूरोडला भाऊची वेगळीच तऱ्हा. त्याचेच लोक त्याला चिडवायचे, "तुझ्या दाजीनं वाट मोकळी केली." एकाला त्यानं मारलं आणि क्लबानं त्याला काही सामने बाहेर बसवलं.

तो ह्यांच्यापुढं येऊन रडला. "मला सांगू द्या दाजी. चौकात उभं राहून सांगतो."

"तुला सांगून मोकळं व्हायचंय," हे म्हणाले. "माझी भाकरी त्यावर आहे. गप बस."

मी ह्यांना एकदा विचारलं की तुम्हाला राग येत नाही का. हे म्हणाले, "येतो. पण कुणावर काढू? मीही बाहेरून बघत असतो तर हेच म्हणालो असतो."

दिवाळी होऊन गेल्यावर मिस्त्री ह्यांना साहेबांकडे घेऊन गेले. मी घरात देवापुढं बसून होते. ते परत आले तेव्हा ह्यांचा चेहरा बघून मला काही कळेना. साहेब पहिल्यांदा खूप रागावले होते, सामन्यावरून नव्हे, तर डोळा तसाच ठेवला म्हणून.  शेवटी त्यांनी ह्यांना पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि कढयांवरून काढून पॅकिंगला घातलं. घर गेलं नाही.

डॉक्टरांनी डावा डोळा तपासून मान हलवली. शिंतोडा उडाला त्याच दिवशी आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं, म्हणाले. आता उजवा जपा. बाहेर आल्यावर हे पायरीवर थांबले आणि एकदा उजवा डोळा हातानं झाकून रस्त्याकडे बघितलं. काय दिसलं ते मी विचारलं नाही. आम्ही टांगा केला नाही, स्टेशनापर्यंत चालत गेलो.

आता भाऊला कुणी अडवणार नव्हतं. एका रविवारी तो दुपारी आला तो आमच्याकडे न येता थेट कॅम्पातल्या हॉटेलात गेला. तिथं नेहमीची मंडळी होती. तो मधोमध उभा राहिला आणि त्यानं उन्हाळ्यातल्या शिंतोड्यापासून सगळं सांगितलं. मग आमच्याकडे आला आणि ओट्यावर बसला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"न्हाई म्हणजे, ऐकून घेतलं. दोघं-तिघं 'अरेरे' म्हणाले. एकजण म्हणाला, मला तवाच शंका आली होती. मग नवा सेंटर हाफ कोण येणार त्याच्यावर बोलाय लागले." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एवढे महिने पोटात ठेवलं अक्का. मला वाटलं, ऐकून माणसं पळत येतील दाजींचे पाय धराय."

हे आतून आले. त्यांनी त्याचं बोलणं ऐकलं होतं. भाऊच्या डाव्या अंगाला बसले, म्हणजे तो त्यांना नीट दिसेल.

"दोघं-तिघं म्हणाले ना?" हे म्हणाले. "पुष्कळ झालं." आणि मला चहा टाकायला सांगितला.